यष्टिरक्षकाचा फोटो कोणत्या सालचा

लातूरला पुन्हा टँकर सुरू झाले आणि नानांचा फोन आला. "येताना अर्धापूरची केळी आन. पानी आनू नको, पान्याचं आमी बगून घेतो." नाना म्हणजे माझे चुलते. एसटीत कंडक्टर होते, आता लातूरच्या घरी बसून गल्लीत टँकर कधी येणार याचा अंदाज बांधतात आणि तो चुकला की टँकरवाल्याला दोष देतात. मी नांदेडात असतो. मृगाच्या आधीचे हे दिवस आले की दोन्ही गावांवर तीच धूळ बसते, तोच पांढरा उजेड डोळ्यांत खुपतो आणि माझं डोकं आपोआप फिरतं. यंदा ते जास्तच फिरलं होतं, आणि त्याला कारण झाला एक क्रिकेटचा फोटो.

फोटो म्हणजे खरं तर कार्ड. आमच्या लहानपणी च्युइंगगमच्या पुडीत एक छोटं पुठ्ठ्याचं कार्ड यायचं, त्यावर क्रिकेटपटूचं रंगीत चित्र. आम्ही त्याला फोटूच म्हणायचो. गम गुलाबी असायचा, पहिल्या चार चावण्यांत त्याची सगळी गोडी संपायची आणि पुढे नुसतं रबर. कार्डाला मात्र महिनोन् महिने त्या गमचा वास राहायचा. माझ्याकडे असं एकच कार्ड आहे. एक यष्टिरक्षक वाकून बसलाय, हातमोजे पुढे, आणि चेंडू अजून आलेला नाही.

हे कार्ड मला माझ्या वडिलांनी दिलं, असं मी उभा जन्म धरून चाललो होतो. वडील बोअरच्या गाडीवर हेल्पर होते. लातूर जिल्हा व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांना कावीळ झाली आणि त्यातच ते गेले. मी तेव्हा चार-पाच वर्षांचा. त्यांचा चेहरा मला आठवत नाही. एक फोटो आहे भिंतीवर, पण तो स्टुडिओतला, ताठ बसलेला, त्यातला माणूस मला कधी ओळखीचा वाटला नाही. आठवतं ते एवढंच, की कसलीतरी गर्दी आहे, लोक ओरडतायत, कुणीतरी मला खांद्यावर घेतलंय. खाकी बाही आहे. हाताला डिझेलचा वास आहे. तो हात पुडी फोडतो, गम स्वतःच्या तोंडात टाकतो, कारण पोरगं गिळून बसेल, आणि कार्ड माझ्या मुठीत देतो. मग गम चघळत चघळत तो माणूस हसतो आणि त्याचं हसणं माझ्या मांडीला जाणवतं. बापाचं म्हणून माझ्याकडे जे काही आहे ते इतकंच आहे.

माय ते कार्ड दाखवून म्हणायची, "तुझ्या बापाचं हाय ते. नीट ऱ्हाऊ दे." ती असं म्हणायची तेव्हा नाना तिथंच जेवत असायचे. वडील गेल्यावर आम्ही मायलेक नानांच्याच घरी राहिलो. शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून सही नानांची, चप्पल तुटली की शिवून आणायचे नाना, परीक्षेच्या दिवशी ड्यूटी बदलून घेऊन शाळेच्या फाटकाशी उभे राहायचे ते नाना. माय ‘बापाचं’ म्हणाली की ते भाकरीचा तुकडा मोडायचे आणि तिखट जास्त झालंय की कमी यावर काहीतरी बोलायचे.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग मला दुर्बुद्धी सुचली. फोनवर जुनी कार्डं जमवणाऱ्यांचा एक गट आहे, त्यात मी या कार्डाचा, मागे लातूरला काढलेला फोटो टाकला आणि खाली मोठ्या अभिमानाने लिहिलं, ‘वडिलांनी दिलेलं.’ पुण्याच्या एका गृहस्थांचं तासाभरात उत्तर आलं. ‘छान. हा संच विश्वचषकानंतरचा.’ झालं. विश्वचषक आपण जिंकला त्र्याऐंशीत. लातूर जिल्हा झाला ब्याऐंशीत. आणि वडील गेले जिल्हा व्हायच्या आधी. म्हणजे मेलेल्या माणसाने मला खांद्यावर घेऊन कार्ड दिलं, असा त्याचा हिशेब निघत होता.

मी त्यांना कळवलं, आपली काहीतरी चूक होते आहे. ते म्हणाले, ‘आपल्याला पुरावा लागतो.’ असं म्हणणारी माणसं मला फार राग आणतात, विशेषतः ती बरोबर असण्याची शक्यता असते तेव्हा. मी विचारलं, तुमचा पुरावा काय? ते म्हणाले, ‘तसं सर्वमान्य आहे.’ तेवढ्यात हैदराबादचा एक संग्राहक मध्ये पडला. "अरे नै भाई, ये तो पैले का माल है. हमारे मोहल्ले में मैच के पैलेच मिलता था." मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. पण त्याचा पुरावा काय, तर त्याचा मोहल्ला.

मग मी स्वतः मागे लागलो. आता कुणी म्हणेल, पुडीवर साल नसेल का? नसतं. पुडीवर साल छापलं की पुढच्या वर्षी माल शिळा ठरतो, म्हणून छापणाऱ्यांनी साल सोडून सगळं छापलं. संच जमवा, मित्रांना दाखवा, दात घासा, सगळं. कंपनी कधीच बंद पडली. तिच्या गावी एकाला फोन केला तर तो म्हणाला, तिथं आता मंगल कार्यालय आहे, तारीख पाहिजे का? मी फोन ठेवला.

नांदेडच्या एका वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे आहेत असं कळलं. त्यात कुठे तरी या गमची जाहिरात सापडेल, म्हणून सुट्ट्या टाकून बसलो. धुळीने शिंकून शिंकून नाक लाल झालं. आणि काय सापडलं? भोकं. त्या काळच्या पोरांनी क्रिकेटचं चित्र दिसलं की ब्लेडने कापून नेलं होतं. जाहिरातीतलं असो, बातमीतलं असो, काहीही सोडलेलं नाही. पान उघडलं की मधोमध चौकोनी खिडकी, आणि त्या खिडकीतून मागच्या पानावरची पाणीटंचाईची बातमी दिसायची. विहिरी आटल्या, जनावरं हलवली, टँकर पोचला नाही. मी मेलो वैतागून. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "सर, तुमचं जे पाहिजे ते आधीच कुणीतरी नेलंय." तेवढं मलाही कळलं होतं.

खरं म्हणजे आमच्याकडे सालाचा हिशेब कुणी ठेवतच नाही. लोकांची कालगणना दोनच खुंट्यांना टांगलेली आहे, दुष्काळ आणि जिल्हा. ‘दुष्काळाच्या आधीची गोष्ट’, ‘जिल्हा झाल्यावर मंग पोरीचं लगीन केलं’. आणि दुष्काळ तरी कोणता? बहात्तरचा म्हणाल तर तो मोठा, त्याचं सगळ्यांना माहीत आहे. पण त्यानंतर आमच्या भागाला जे धाकटे दुष्काळ येत राहिले, एखाद्या तालुक्यापुरते, एखाद्या गावापुरते, त्यांची नावं कुणी ठेवली? वडील ज्या उन्हाळ्यात गेले तो असाच एक. आमच्या घरासाठी तो दुष्काळच होता, पण मी कुणाला विचारलं की म्हणतात, "तवा? तवा कुठं दुष्काळ व्हता?" जणू मीच खोटं बोलून राहिलो.

त्या उन्हाळ्याचं जे आठवतं ते मात्र लख्ख आठवतं, आणि हीच तर चीड आहे. हापशाच्या दांड्याला फडकं बांधलेलं, कारण लोखंड तापून हाताला चटका बसायचा. रांगेत माणसांऐवजी घागरी उभ्या, प्रत्येकीच्या गळ्यात वेगळ्या रंगाची चिंधी. बोअरची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की जमीन थरथरायची आणि आमच्या मांडणीतली पितळी भांडी आपोआप वाजायची. वर आधी कोरडी पांढरी माती उडायची, मग काळी, मग सगळे गप्प होऊन बघत राहायचे की आता ओली येते का. वडिलांच्या कपड्यांतून ती माती कधी गेली नाही. माय ते कपडे धुवायची नाही, पाणी कुठलं, नुसते झटकायची.

आणि जिल्ह्याचंही तसंच लख्ख. रस्त्याला चुन्याच्या रेघा, कमानी, लाऊडस्पीकर. मास्तरांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि सांगितलं, आता आपण उस्मानाबादचे नाही. एक पोरगी रडायला लागली, तिला वाटलं घर बदलायचं. लोकांनी पेढे वाटले, गुलाल उधळला, आणि त्यानंतर कितीतरी दिवस कुणाचंही काम अडलं की लोक ऐटीत म्हणायचे, "कलेक्टरला भेटतो." कलेक्टर आता चालत जाण्याच्या अंतरावर होता ना.

तर मग ती गर्दी कोणती? ज्या गर्दीत मी खांद्यावर होतो ती त्या उन्हाळ्यातल्या टँकरची, की जिल्ह्याच्या नाहीतर विश्वचषकाच्या मिरवणुकीची? लोक पाण्यासाठी ओरडत होते की आनंदाने? टँकरची असेल तर खांदा बापाचा. मिरवणुकीची असेल तर बाप नव्हताच, आणि मग खाकी बाही कंडक्टरची, डिझेलचा वास एसटीचा. बोअरच्या गाडीवरचा हेल्परही खाकी घालतो आणि त्याचाही हात डिझेलने माखलेला असतो. देवाशी माझा काही संबंध नाही, पण असला तर विचारलं असतं, की बाबा रे, दोन भाऊ केलेस ते केलेस, निदान कपडे तरी वेगळे द्यायचे होतेस.

मागच्या उन्हाळ्यात माय गेली. तिला विचारायची सोय संपली. लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात एक म्हातारा दुकानदार अजून बसतो, त्याच्याकडे हे गम मिळायचं एवढं मला पक्कं ठाऊक होतं. त्याला जाऊन विचारलं.

"ते फोटूवालं गम कधी यायला लागलं, शेठ?"

"उन्हाळ्यात," तो म्हणाला.

"कोणत्या उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यातच म्हनून राहिलो न. बरनीत इरघळून जायचं ते. पोरं बोटानं काढायची. लई नुकसान केलं त्या गमानं."

"पण साल कोणतं?"

"सालाचं काय करायलास? इरघळायचं, एवढं खरं."

मी दुकानातून काही न घेता उतरलो. तो मागून म्हणाला, "बेजार दिसायलाय मानूस." होतोच.

शेवटी मार्ग दाखवला तो पुण्याच्याच गृहस्थांनी, हे कबूल केलं पाहिजे. त्यांनी कळवलं की या कंपनीने पुढची चित्रं तीच ठेवून संच पुन्हा पुन्हा छापला, फक्त मागचा मजकूर बदलत गेला. मागे खेळाडूने तोवर खेळलेल्या कसोट्यांचा आकडा असतो. आकडा कळला की छपाई कधीची ते ठरवता येतं. ‘तुमच्या कार्डाच्या मागे काय आहे?’ त्यांनी विचारलं. मला हसावं की रडावं कळेना. माझ्या कार्डाला मागची बाजू आहे, हे मी कधी बघितलंच नव्हतं. मायने ते तिच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवून टाकलं होतं.

आमच्याकडची ही रीतच. पत्र्याच्या ट्रंकेचं झाकण उघडलं की आत चित्रांची भिंत. कॅलेंडरातून कापलेला बुद्ध, साबणाच्या कागदावरची बाई, काश्मीरचा तलाव, एखादा नवरा-बायकोचा फोटो, आणि हे सगळं गव्हाच्या खळीने चिकटवलेलं. झाकण दिवसातून एकदा उघडायचं, तेवढीच बायकांची चित्रशाळा. आमच्या ट्रंकेत बुद्धाच्या शेजारी यष्टिरक्षक बसला होता, दोघेही शांत, दोघेही वाट बघणारे. गल्लीतली मोठी पोरं खेळात जिंकून नेतील म्हणून मायने ते माझ्याकडून काढून घेऊन तिथं लावलं. ट्रंक नानांच्या घरी, मायच्या खोलीत.

म्हणून मी केळी घेऊन लातूरला गेलो. काकू लेकीकडे गेल्या होत्या, घरी नाना एकटेच. त्यांना मी एवढंच सांगितलं, की कार्ड झाकणावरून काढायचंय, मागचं वाचायचंय. आकडा जुना निघाला तर आशा होती. नवा निघाला तर निकाल लागणार होता. एवढ्याशा पुठ्ठ्यापायी आपण इथवर आलो याचाही राग येत होता.

ओल्या फडक्याने कार्ड भिजवायला घेतलं. नाना खाटेवरून बघत होते.

"कार्डाला पानी," ते म्हणाले, "अन् तिकडं तुळस वाळून राहिली."

"थोडंसंच लागतं, नाना."

"लागू दे, लागू दे. टँकर येऊनच राहिला."

टँकर आला नव्हता. मी फडकं पिळून पुन्हा ठेवलं, चहाच्या भांड्याची वाफ दिली, नखाने कडा उचलली. कार्डाचा एक कोपरा सुटला, मग दुसरा. इतक्या वर्षांनी गमचा वास येईल असं उगाच वाटलं होतं, आला तो पत्र्याचा आणि गंजाचा. हळूहळू सगळं कार्ड हातात आलं. मी ते उलटं केलं.

मागे हिरवं होतं. मोरासारखं निळं-हिरवं, आणि त्यात एकही अक्षर नव्हतं. कुठं कुठं अक्षरांचे पाय उरले होते, तेही बोटाखाली पुसले गेले. मी खिडकीशी गेलो, तिरपं धरलं, चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं. काही नाही.

नानांनी ते हातात घेतलं. "मोरचूद," ते म्हणाले. "झुरळं लागू नये म्हनून वैनीनं खळीत मोरचूद घातलंतं. लई जपायची. थोडं जास्तीच पडलं वाटतं." मोरचूद म्हणजे ते निळं विष, खळीत चिमूटभर टाकतात की कीड लागत नाही. मायने जास्त टाकलं होतं. तिने कार्ड किडीपासून वाचवलं, पोरांपासून वाचवलं, माझ्यापासून वाचवलं, आणि तिच्या त्या जपण्याने मागचं सगळं खाऊन टाकलं.

माझा तोल गेला. मी मायवर चिडलो, गेलेल्या माणसावर, मोठ्याने. म्हणालो, या घरात एक गोष्ट धड सांगत नाहीत, धड ठेवत नाहीत, साल विचारावं तर उन्हाळा सांगतात, आणि वरून म्हणतात जपून ठेव. म्हणालो, मला एकच गोष्ट पाहिजे होती, एक आकडा. नाना ऐकत राहिले. त्यांना माझ्या रागाची सवय आहे, तो त्यांनीच लहानाचा मोठा केलाय.

मी दम खायला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "पर त्या आकड्याचं तुला कामून एवढं?"

तोवर मी त्यांना खरं कारण सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. गर्दी, खांदा, बाही, हसणं. सांगितलं की कार्ड जिल्ह्याच्या आधीचं असेल तर तो माणूस बाबा, नंतरचं असेल तर तुम्ही. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. कार्ड नानांच्या गुडघ्यावर उताणं पडलं होतं आणि ते यष्टिरक्षकाकडे बघत होते.

"तुम्हाला आठवतं का, नाना? तुम्ही होता का तो?"

बाहेर कुणीतरी बादल्या ओढत रांगेत लावत होतं, त्याचा खडखडाट ऐकू येत होता. नाना रागावले असतील असं मला वाटलं. पण त्यांनी मान वर केली तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता. पाठीमागे गर्दी असली तरी पोराला घाई न करणारा कंडक्टर विचारतो, तसं त्यांनी विचारलं, "तुला कोन पायजे?"

मला कळलंच नाही. "म्हणजे?"

"तुला कोन पायजे ते सांग. मी तसं सांगतो. मला दोनीबी चालतंय."

उत्तर माझ्या जिभेवर होतं. महिनाभर मी ज्याच्यामागे धावलो, ज्याच्यासाठी पुण्याशी भांडलो, ते एका शब्दाचं उत्तर. ‘बाबा’ म्हटलं असतं तर समोर बसलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडून मी त्यालाच पुसून टाकलं असतं. ‘तुम्ही’ म्हटलं असतं तर बापाचं म्हणून माझ्याकडे काहीच उरलं नसतं. सगळ्या जगाला सरळ उत्तर द्या म्हणून धारेवर धरलं होतं मी, आणि आता मला सरळ विचारलं होतं.

नाना वाट बघत राहिले. त्यांनी मला कशाचीही घाई कधी केली नाही, तशी आताही केली नाही. मी मात्र त्यांच्यासमोर उभाच होतो.